द्राक्षबागेतून टोरिक व्हरायटीकडे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पावसाचा जोर वाढला की सांगलीत घरोघरी एकच विचारणा सुरू होते: "आयर्विनला किती?" ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. कोयनेतून सोडलेलं पाणी, वारणेचा फुगवटा, वरच्या अंगाला झालेला पाऊस, हे सगळं कृष्णेवरच्या त्या १९२९च्या आयर्विन पुलाजवळच्या एका आकड्यात उतरतं आणि तेवढ्यावर माणसं सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरवतात. पण त्या आकड्यावरून नदी परत काढता येत नाही. चढतं ४२ फूट आणि उतरतं ४२ फूट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आकडा मात्र तोच.

गणितात अशा आकड्याला इन्व्हेरियंट म्हणतात. दोन वस्तूंचे इन्व्हेरियंट वेगळे निघाले तर वस्तू नक्की वेगळ्या. सारखे निघाले तर? बहुतेक वेळा काहीच सांगता येत नाही. बैजिक भूमितीत, म्हणजे बहुपदी समीकरणांच्या उकलींमधून तयार होणाऱ्या आकारांच्या अभ्यासात, ही अडचण पावलोपावली येते. त्या आकारांना व्हरायटी म्हणतात आणि त्यांचं सरसकट वर्गीकरण कुणाच्याच आवाक्यातलं नाही.

एक कोपरा मात्र असा आहे की तिथे पूर्णांकांनी काढलेलं एक चित्र दिलं की व्हरायटी पूर्णच्या पूर्ण परत मिळते, काहीही न हरवता. त्या व्हरायटींना टोरिक व्हरायटी म्हणतात. या विषयात शिरायचं तर याच दारातून शिरावं, असं माझं ठाम मत आहे. मला विद्यार्थिनी असताना सांगण्यात आलं होतं की आधी दोन वर्षं स्कीम आणि शीफ या अमूर्त कल्पना पक्क्या कर, मग उदाहरणांना हात लाव. ती दोन वर्षं मी व्याख्या पाठ करण्यात घालवली. एकही पृष्ठभाग स्वतःच्या हाताने काढला नव्हता, त्यामुळे त्या व्याख्या कशासाठी आहेत हेच कळत नव्हतं. आता माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी उलट्या क्रमाने नेते. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचं बीजगणित झालं असेल, ग्रुप, रिंग आणि मॅट्रिक्स ठाऊक असतील, तर एवढ्यावर निघता येतं. सोबत आलेख वही, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. वही खरोखर उघडा. नुसतं वाचून हा विषय येत नाही.

पायरी १: बागेत उभे राहा

आमची बाग तासगाव तालुक्यात. नऊ बाय पाचची लागण, एकरी ९६८ झाडं. फळछाटणी झाली की मांडवाखाली पानांची आडकाठी उरत नाही. तेव्हा एका झाडाच्या बुंध्याशी उभं राहून चारी बाजूंना बघावं. सरळ ओळी तर दिसतातच, पण तिरक्या वाटाही उघडतात: एक झाड पुढे, एक बाजूला, दोन पुढे, एक बाजूला. प्रत्येक उघड्या वाटेवर सगळ्यात जवळचं एक झाड असतं आणि त्याच्यामागची झाडं त्याच्याआड लपतात.

ज्या झाडाशी उभे आहात त्याला (०, ०) म्हणा. बाकीच्या प्रत्येक झाडाला दोन पूर्णांकांचा पत्ता मिळतो. वाटेवरच्या पहिल्या झाडाच्या पत्त्यातल्या दोन अंकांना सामायिक विभाजक नसतो: (२, १) हे पहिलं झाड, (४, २) त्याच्यामागे दडलेलं. अशा पहिल्या झाडाकडे जाणाऱ्या बाणाला आपण 'मूळ बाण' म्हणू. पुढच्या सगळ्या खेळात हेच बाण लागणार आहेत.

आता शेजारच्या बागेत जा. तिथे दहा बाय सहाची लागण आहे. अंतरं बदलली, वाटांमधले कोन बदलले, पण पत्ते तेच राहिले. या विषयात कोन आणि लांबी यांना किंमत नाही, झाडांची मोजदाद तेवढी खरी. नवखी मुलं सगळ्यात जास्त इथेच चुकतात. दोन चित्रं डोळ्यांना वेगळी दिसली की ती वेगळीच असं धरून चालतात. पूर्णांकांची, निश्चयक +१ किंवा −१ असलेली मॅट्रिक्स लावून एक चित्र दुसऱ्यावर बसत असेल, तर आपल्या लेखी ती दोन्ही एकच.

आणखी एक गोष्ट बागेतच बघून घ्या. दोन मूळ बाण घेतले आणि त्यांचा समांतरभुज चौकोन काढला, तर दोन बाणांच्या निश्चयकाची किंमत (चिन्ह सोडून) म्हणजे त्या चौकोनाच्या वाट्याला येणारी झाडं. किंमत १ असेल तर कोपरे सोडून चौकोनात एकही झाड नाही. किंमत २ असेल तर एक झाड मध्ये सापडतं. त्या मधल्या झाडाकडे आपण परत येऊ.

पायरी २: टोरस कशाला म्हणायचं

शून्य सोडून सगळ्या संमिश्र संख्या घ्या. गुणाकाराने त्यांचा ग्रुप होतो. अशा दोन प्रती शेजारी ठेवल्या की द्विमित टोरस. टोरिक पृष्ठभाग म्हणजे असा पृष्ठभाग, ज्यात हा टोरस सगळीकडे पसरलेला खुला तुकडा म्हणून बसलेला आहे आणि त्याचा स्वतःवरचा गुणाकार संपूर्ण पृष्ठभागावर नीट चालतो. टोरसबाहेर जे थोडं उरतं ती त्याची किनार. वर्गीकरण करायचं म्हणजे या किनारीची ओळख पटवायची.

एक अट मात्र विसरू नका: व्हरायटी नॉर्मल हवी. यचा वर्ग = क्षचा घन हा वक्र घ्या. त्यावर शून्येतर संख्यांचा ग्रुप छान चालतो, पण तिथे मिळणारे घात ०, २, ३, ४ असे आहेत, मधला १ गळालेला आहे. बाणांच्या चित्राला ही गळती दिसत नाही, त्याला हा वक्र आणि साधी रेषा सारखीच. नॉर्मल ही अट अशा गळत्या बुजवते. हिदेयासु सुमिहिरो यांनी १९७४ मध्ये दाखवलं की नॉर्मल व्हरायटीवर टोरस चालत असेल तर ती टोरस जपणाऱ्या ॲफाइन तुकड्यांनी, म्हणजे साध्या निर्देशकांत बहुपदी समीकरणांनी लिहिता येणाऱ्या तुकड्यांनी, झाकता येते. सगळं चित्र त्या पायावर उभं आहे.

पायरी ३: सात ठिकाणं

ही पायरी सावकाश करा. माझ्या टेबलावर दर रविवारी कुणी ना कुणी हीच करत बसलेलं असतं.

प्रक्षेपी प्रतल घ्या. त्याचे बिंदू [क : ख : ग] असे, तिन्ही एकदम शून्य नाहीत, आणि तिघांना एकाच संख्येने गुणलं तरी बिंदू तोच. टोरस म्हणजे [१ : क्ष : य], क्ष आणि य शून्य नसलेले. आता बागेतलं एक झाड (अ, ब) निवडा आणि ट हा चल शून्याकडे नेत नेत हा बिंदू बघा:

[१ : ट^अ : ट^ब]

तो कुठे जाऊन पोहोचतो?

अ आणि ब दोन्ही धन असले तर दोन्ही घात शून्याकडे जातात, मुक्काम [१ : ० : ०]. अ शून्य आणि ब धन असेल तर [१ : १ : ०]. अ धन आणि ब शून्य असेल तर [१ : ० : १]. आता अ ऋण घेऊन बघा. ट^अ फुगत जातो, म्हणून सगळ्यांना त्यानेच भागायचं. अ हा बपेक्षा लहान असेल तर शेवटी [० : १ : ०] उरतं. ब ऋण आणि अपेक्षाही लहान असेल तर [० : ० : १]. दोन्ही सारखे आणि ऋण असतील तर [० : १ : १]. आणि दोन्ही शून्य असतील तर बिंदू हलतच नाही, [१ : १ : १].

सात मुक्काम झाले. आता वहीतल्या प्रत्येक पूर्णांकी बिंदूला त्याच्या मुक्कामाप्रमाणे रंग द्या. चित्र आपोआप उमटतं: (१, ०), (०, १) आणि (−१, −१) या तीन दिशांना तीन किरण, त्यांच्यामधले तीन भाग आणि मधला शून्यबिंदू. तीन, तीन आणि एक, मिळून सात. टोरस प्रक्षेपी प्रतलाचे नेमके सात तुकडे करतो: टोरस स्वतः, तीन रेषा (टोकं सोडून) आणि टोरसने न हलणारे तीन बिंदू. मोठ्या भागाला छोटा तुकडा, छोट्या भागाला मोठा तुकडा: दोन किरणांमधल्या भागाला बिंदू, किरणाला रेषा, शून्याला अख्खा टोरस.

या चित्राला फॅन म्हणतात. उघडलेल्या हातपंख्याच्या काड्या आठवा आणि दोन काड्यांमधल्या कागदाला शंकू म्हणा. नियम दोनच: प्रत्येक शंकूला टोक असावं, म्हणजे त्यात अख्खी रेषा मावता कामा नये, आणि दोन शंकू भेटले तर त्यांच्या पुऱ्या कडेवरच भेटावेत. ही कल्पना मिशेल दमाझूर यांच्या १९७० च्या लेखात आली. तो लेख क्रेमोना ग्रुपवरचा होता, त्याचा धागा खाली पुन्हा लागेल.

उलट दिशेने, फॅनमधून व्हरायटी कशी बांधतात? एकेका शंकूतून एकेक ॲफाइन तुकडा मिळतो आणि शेजारचे शंकू सामायिक कडेवर चिकटतात. एक तुकडा कसा बनतो ते पाचव्या पायरीत हाताने करू. सध्या एवढं धरा की टोरिक व्हरायटी आणि फॅन यांची जोडी एकास एक आहे. आवरलेल्या, म्हणजे कुठेही भोक न राहिलेल्या व्हरायटींसाठी तर टोरस विसरलात तरी चालतं: त्या एकमेकींसारख्या असतील तर त्यांचे फॅनही मॅट्रिक्स लावून एकमेकांवर बसतातच.

पायरी ४: पंख्याच्या काड्यांना आकडे द्या

फॅन बघून काय काय सांगता येतं? फॅनने सगळी बाग व्यापली असेल तर पृष्ठभाग आवरलेला. प्रत्येक दोन शेजारी बाणांचा निश्चयक १ किंवा −१ असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत, कुठेही टोचणारा बिंदू नाही. हे दोन्ही असलेले फॅन घेऊ आणि ते सगळे शोधून काढू.

कुठलाही एक बाण धरा आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज करा. ती बेरीज नेहमी मधल्या बाणाच्या पटीत येते. ती पट उलट्या चिन्हाने त्या बाणावर लिहा. भूमितीत हा आकडा म्हणजे त्या किनारीच्या वक्राचा स्वतःशीच होणारा छेद. प्रक्षेपी प्रतलात (१, ०) + (०, १) = (१, १), म्हणजे (−१, −१)ची −१ पट. चिन्ह उलटवलं, आकडा १. तिन्ही बाणांवर १ येतो: १, १, १.

दुसरं उदाहरण. बाण (१, ०), (०, १), (−१, न) आणि (०, −१), न कुठलाही नैसर्गिक अंक किंवा शून्य. निश्चयक तपासा, चारही ठिकाणी १. आकडे काढले की ०, −न, ०, न. या पृष्ठभागांना हिर्झेब्रुख पृष्ठभाग म्हणतात, फ्रीडरिख हिर्झेब्रुख यांनी ते १९५१ मध्ये अभ्यासले. न शून्य असला की दोन प्रक्षेपी रेषांचा गुणाकार मिळतो.

आता आयर्विनची गोष्ट परत. 'किती बाण?' हा प्रश्न विचारला तर या सगळ्या पृष्ठभागांचं उत्तर चार. चार हा त्यांचा ऑयलर आकडा, म्हणजे टोपोलॉजीतला एक नेहमीचा इन्व्हेरियंट, ही आहे. त्या एका आकड्याला त्यांच्यातला फरक कळत नाही. न = ० आणि न = २ हे दोन तर टोपोलॉजीच्या नजरेलाही सारखेच दिसतात, रबरासारखा एक ताणून दुसरा करता येतो. पण वहीत लिहिलेली माळ एकाची ०, ०, ०, ० आणि दुसऱ्याची ०, −२, ०, २. बैजिक भूमितीत ते वेगळे आहेत, आणि ते कळायला बेरीज पुरली.

माळेवरून फॅन परत मिळतो. (१, ०) आणि (०, १) पासून निघा. पुढचा बाण = (आताच्या बाणावरचा आकडा × आताचा बाण) याचं ऋण, त्यातून मागचा बाण वजा. असं करत गेलं की फेरी पूर्ण होऊन (१, ०) वर यायला हवं. हिशेब तपासायला एक सुंदर नियम आहे: बाणांच्या संख्येची तिप्पट आणि सगळ्या आकड्यांची बेरीज मिळून नेहमी १२. प्रक्षेपी प्रतलात ९ + ३. हिर्झेब्रुखमध्ये १२ + ०.

हा नियम पाळला म्हणजे झालं असं मात्र नाही. मागे एका मुलाने वहीत १, −१, ०, ० ही माळ लिहून आणली. बेरीज शून्य, बाण चार, बारा बरोबर येतात. "मॅडम, हा नवा पृष्ठभाग आहे, हिर्झेब्रुखमध्ये बसत नाही." आम्ही दोघांनी बाण काढले: (१, ०), (०, १), मग (−१, −१), मग (−१, −२), आणि परत (१, ०) वर यायचं तर येऊन पोहोचलो (१, १) वर. पंखा मिटला नाही. तेच आकडे १, ०, −१, ० या क्रमाने ठेवले की मिटतो. त्या दिवसापासून तो मुलगा क्रमाबद्दल कधी चुकलेला नाही.

आता वर्गीकरण. दोन शेजारी बाणांची बेरीज करून तो नवा बाण मध्ये घाला. त्याला ब्लो-अप म्हणतात: न हलणारा एक बिंदू काढून तिथे एक अख्खी रेषा बसवायची. नव्या बाणावर −१ येतो, दोन्ही शेजाऱ्यांचे आकडे एकेकाने उतरतात, बाराचा नियम टिकतो. प्रक्षेपी प्रतलात (१, १) घालून बघा. माळ होते ०, −१, ०, १, म्हणजे न = १ चा हिर्झेब्रुख पृष्ठभाग. तो वेगळा शोधायचीही गरज नव्हती.

आणि मुख्य प्रमेय हे: पाच किंवा जास्त बाण असतील तर कुठेतरी −१ सापडतोच. तो बाण काढा, शेजाऱ्यांना एकेक परत द्या, पुन्हा −१ शोधा. शेवटी प्रक्षेपी प्रतलावर किंवा एखाद्या हिर्झेब्रुख पृष्ठभागावर येऊन थांबता. झालं वर्गीकरण. गुळगुळीत, आवरलेला असा टोरिक पृष्ठभाग यांतूनच वर चढत तयार होतो, दुसरा कुठला रस्ता नाही.

हे करून बघा: (१, ०), (१, १), (०, १), (−१, ०), (−१, −१), (०, −१). सहाही बाणांवर −१. एक सोडून एक असे (१, १), (−१, ०), (०, −१) काढले तर प्रक्षेपी प्रतल उरतं. उरलेले तीन काढून हे तीन ठेवले तरीही प्रक्षेपी प्रतलच उरतं, पण दुसरं. एका प्रतलातून वर षट्कोनावर चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, या चढउतारात (क्ष, य) चे (१/क्ष, १/य) होतात. हेच ते क्रेमोना रूपांतर, ज्याच्या ग्रुपचा अभ्यास करताना दमाझूरांना फॅन लागले.

पायरी ५: मधलं झाड

निश्चयक १ नसेल तर? बाण (०, १) आणि (२, −१) घ्या. निश्चयक −२, म्हणजे चौकोनाच्या आत एक झाड आहे: बरोबर मध्यावर, (१, ०).

या शंकूचा ॲफाइन तुकडा काढू. ज्या पूर्णांकी जोड्यांचा शंकूतल्या प्रत्येक बाणाशी बिंदुगुणाकार शून्य किंवा धन येतो, त्या सगळ्या गोळा करा. पहिला बाण सांगतो दुसरा अंक ऋण नको. दुसरा सांगतो पहिल्याची दुप्पट दुसऱ्याहून कमी नको. अशा सगळ्या जोड्या (१, ०), (१, १) आणि (१, २) यांच्या बेरजांतून मिळतात. त्यांना अनुक्रमे क्ष, झ, य म्हणा. (१, ०) + (१, २) = (१, १) + (१, १), म्हणून क्ष·य = झ². हा शंकूच्या आकाराचा पृष्ठभाग आहे आणि टोकाशी तो गुळगुळीत नाही.

आता मधल्या झाडाकडे बाण काढा. दोन्ही बाजूंचे निश्चयक −१ झाले, टोक नाहीसं झालं. नव्या बाणावरचा आकडा: (०, १) + (२, −१) = (२, ०), म्हणजे −२. दोष होता तिथे −२ आकड्याची एक रेषा आली. दोष दूर करण्याच्या या कामाला सिंग्युलॅरिटीचं निरसन म्हणतात. आपल्या मराठी माणसांना हा शब्द परका नसावा: श्रीराम अभ्यंकरांनी कॅरॅक्टरिस्टिक धन असलेल्या क्षेत्रांवर (जिथे १ ठरावीक वेळा मिळवला की शून्य येतो) पृष्ठभागांसाठी ते केलं, तो प्रश्न त्या काळी फार अवघड समजला जाई. पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच सुरू केलं. टोरिक जगात मात्र तेच काम आलेख वहीत होतं.

जरा मोठा दोष घ्या: (०, १) आणि (७, −३). ७/३ हा अपूर्णांक वजाबाकीच्या साखळीत लिहा: ७/३ = ३ − २/३, मग ३/२ = २ − १/२, आणि शेवटी २. साखळी ३, २, २. मध्ये घालायचे बाण (१, ०), (३, −१), (५, −२), आणि त्यांच्यावरचे आकडे −३, −२, −२. शेजारच्या दोघांची बेरीज करून तपासा, प्रत्येक वेळी जुळतं. शाळेत शिकलेल्या अपूर्णांकांत पृष्ठभागाचा दोष लपलेला असतो हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत वही भरत बसले होते.

पायरी ६: तीन मिती आणि पुढे

इथून वेग वाढवू. त्रिमितीत फॅन काढता येतो, पण सगळं तितकं सरळ राहत नाही. चौकोनी पायाचा शंकू दोन त्रिकोणी शंकूंत फोडायचा तर कर्ण दोन आहेत आणि दोन्ही तितकेच चांगले. एका कर्णाची व्हरायटी सोडून दुसऱ्याच्या व्हरायटीवर जाण्याला फ्लॉप म्हणतात. 'सगळ्यात लहान निरसन' असं एकच काही उरत नाही.

गणती मात्र चालू राहते. फॅनो म्हणवल्या जाणाऱ्या (बाणांची टोकं जोडून होणाऱ्या बहिर्वक्र आकाराची प्रत्येक बाजू नेमकी एका शंकूत बसते अशा) गुळगुळीत टोरिक व्हरायटी दोन मितींत ५, तीन मितींत १८, चार मितींत १२४. त्यांच्या भाऊबंद असलेल्या रिफ्लेक्सिव्ह बहुपृष्ठांची (कोपरे पूर्णांकी, आणि प्रत्येक बाजू शून्यबिंदूपासून झाडांच्या एकाच ओळीइतकी दूर) संख्या दोन मितींत १६, तीनमध्ये ४,३१९ आणि चारमध्ये ४७,३८,००,७७६. हा शेवटचा आकडा माक्सिमिलियन क्रॉयझर आणि हाराल्ड स्कार्के यांनी संगणकावर काढला. एवढं हाताने होत नाही. सेजमॅथ, मॅकॉले२ आणि पॉलीमेक ही साधनं फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. पण आधी पन्नासेक फॅन हाताने काढा, मग संगणकाकडे जा. नाहीतर त्याने चुकीचं उत्तर दिलेलं कळणार नाही.

पायरी ७: टोरसऐवजी दुसरा ग्रुप

टोरसमध्ये गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो. क्रम बदलून चालत नाही अशा ग्रुपचं काय, उदाहरणार्थ निश्चयक १ असलेल्या दोन बाय दोन मॅट्रिक्सचा ग्रुप? तिथेही एक मोठा वर्ग हाती येतो. त्या ग्रुपमधल्या वरच्या त्रिकोणी मॅट्रिक्स घ्या. फक्त त्यांना वापरूनही व्हरायटीचा जवळपास सगळा भाग एकाच बिंदूपासून गाठता येत असेल, तर व्हरायटी स्फेरिकल. दोमिंगो लुना आणि तिएरी वुस्त यांनी १९८३ मध्ये दाखवलं की अशा व्हरायटींना रंगीत फॅन पुरतात: फॅन तोच, फक्त काही शंकूंना रंग लागतो. रंग म्हणजे अशी किनार, जी त्रिकोणी मॅट्रिक्स जागेवर ठेवतात पण अख्खा ग्रुप हलवतो.

सगळ्यात छोटं उदाहरण करू. मूळबिंदू काढलेलं संमिश्र प्रतल घ्या, त्यावर निश्चयक १ असलेल्या सगळ्या मॅट्रिक्स चालतात. त्याचं चित्र प्रतलावर नसून नुसत्या संख्यारेषेवर येतं. धन बाजूला एक रंग ठेवलेला असतो. धन बाजूला तीन पर्याय: काही नको, साधा किरण, किंवा रंगीत किरण. ऋण बाजूला दोन: काही नको किंवा साधा किरण. तीन दुणे सहा.

ते सहा कोण? धन बाजूला काहीच नसेल तर मूळबिंदूपाशी भोक तसंच राहतं. रंगीत किरण घेतला तर तिथे मूळबिंदू परत बसतो. साधा किरण घेतला तर बिंदूऐवजी अख्खी रेषा बसते, तो ब्लो-अप. ऋण किरण घेतला की अनंतावरची रेषा जोडली जाते. त्यामुळे भोक असलेलं प्रतल, पूर्ण प्रतल, त्याचा ब्लो-अप, आणि अनंतरेषा जोडलेली त्यांचीच तीन रूपं, हे सहा मिळतात. अनंतरेषा जोडलेलं पूर्ण प्रतल म्हणजे प्रक्षेपी प्रतल. अनंतरेषा जोडलेला ब्लो-अप म्हणजे न = १ चा हिर्झेब्रुख. चौथ्या पायरीतले ओळखीचे लोक इथे वेगळ्या दारातून आत येतात. वापरातला ग्रुप मोठा झाला तसं चित्र दोन मितींवरून एका मितीवर आलं, आणि जे आटलं ते रंगात गेलं.

रंगीत फॅन तेव्हाच उपयोगी, जेव्हा मधला खुला तुकडा कोणता हे आधीच ठरलेलं असतं. तो तुकडाच ओळखायचा तर आणखी आकडे लागतात. लुना यांनी २००१ मध्ये त्यासाठी ग्रुपच्या मुळांच्या (रूट सिस्टिमच्या) चित्रांवर आधारलेली एक योजना मांडली. इव्हान लोसेव्ह यांनी २००९ मध्ये सिद्ध केलं की तिच्यातले आकडे सारखे असतील तर व्हरायटीही सारख्याच असतात, आणि आकडे नियमांत बसत असतील तर व्हरायटी खरोखर अस्तित्वात असते हे पाओलो ब्राव्ही आणि गिदो पेझिनी यांच्या कामातून पुरं झालं. दुसऱ्या बाजूला, टोरस लहान आणि व्हरायटी मोठी असेल तर क्लाउस आल्टमान आणि युर्गेन हाउझेन यांनी २००६ मध्ये दिलेली बहुपृष्ठी डिव्हायझरांची (एक मिती कमी असलेल्या तुकड्यांवर आकड्यांऐवजी बहुपृष्ठं लिहायची) भाषा चालते. या दोन्हींकडे वळण्याआधी वहीतले पन्नास फॅन झालेले असावेत.

पुढच्या वेळी बसायच्या आधी घरी एवढं करून ठेवा. माळ आहे −१, −२, −१, −२, −१, −२, −१, −२. आठ बाण, तिप्पट २४, बेरीज −१२, मिळून १२. बाण काढा आणि पंखा मिटतो का बघा. मिटला की चारही −१ एकेक करून काढा, दरवेळी शेजाऱ्यांना एकेक परत देत. शेवटी वहीत चार बाण उरतील आणि प्रत्येकावर ०. त्यांचे पत्ते लिहा, त्या पृष्ठभागाचं नाव लिहा, आणि त्याच्यावरचे कुठले चार बिंदू ब्लो-अप झाले होते ते शंकूंवर खुणा करून दाखवा.